लॅपटॉपमधला राउटर

नेटवर्किंग शिकायचं तर राउटर हाताळायलाच हवा; पण प्रत्येक विद्यार्थ्याला खरी यंत्रं विकत घेणं परवडत नाही. यावर चांगला उपाय आहे आभासी राउटर.

राउटर म्हणजे मुळात एक संगणकच. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं काढून हायपरव्हायजरवर, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरसारख्या आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवता येतं. लॅटव्हियातील मायक्रोटिक कंपनीचं ‘क्लाउड होस्टेड राउटर’ हे याचं उत्तम उदाहरण. त्याची तयार डिस्क इमेज कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. व्हर्च्युअलबॉक्ससाठी व्हीडीआय, व्हीएमवेअरसाठी व्हीएमडीके प्रकारची फाइल घ्यावी.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ६४ बिट लिनक्स प्रकारचं नवं मशीन बनवा. नवी डिस्क तयार न करता उतरवलेली फाइल जोडा. २५६ एमबी रॅम सरावाला पुरते. खरी मेख नेटवर्क कार्डांत आहे. पहिलं कार्ड ‘ब्रिज्ड’ ठेवा, म्हणजे राउटर घरच्या नेटवर्कला जोडला जाईल. दुसरं ‘इंटर्नल नेटवर्क’वर ठेवा आणि त्याच नावाच्या नेटवर्कवर दुसरं आभासी मशीन जोडा. नाव एका अक्षराने जरी चुकलं, तरी पिंगला उत्तर येणार नाही.

राउटरमध्ये लॉगिन करताना सुरुवातीला युजरनेम ‘ॲडमिन’ असतं आणि पासवर्ड कोरा. तो लगेच बदला. मोफत परवान्यात प्रत्येक इंटरफेसचा अपलोड वेग १ एमबीपीएसपुरता मर्यादित असतो. राउटिंग, फायरवॉल शिकायला तेवढा पुष्कळ झाला.

प्रयोगाआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्यायला विसरू नका; बिघडलं तर तिथे परतता येतं. मग बिनधास्त चुका. चुकल्याशिवाय हे शास्त्र अंगवळणी पडत नाही.