मिशीवाल्या माशाचं तळं वैशाखात हेरावं

भादव्यात तलाव तुडुंब भरले की गावोगावच्या पोरांना गळ आठवतो. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, डबीत गांडुळं, आणि निघाली स्वारी. संध्याकाळी परत येताना मात्र बहुतेकांच्या पिशवीत दोन चिलापी नाहीतर नुसती भूक असते. मग म्हणायचं, 'यंदा मासाच नाही.' मासा असतो हो! तळं चुकलेलं असतं.

ही चूक मीही केलेली आहे. नोकरीच्या सुरवातीला ईट परिसरात फिरताना एक पाझर तलाव माझ्या मनात भरला. निवळशंख पाणी, काठाला हिरवळ, वर गार वारा. एका रविवारी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत गळ टाकून बसलो. दोरा हलला नाही. भोई समाजातले एक वयस्क मामा बांधावरून जात होते. ते थांबले, हसले आणि म्हणाले, "साहेब, तळं बघायचं तर वैशाखात बघावं. आता काय, समदीच तळी साजरी दिसत्यात."

कृषीच्या पदवीत हे वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं.

आपल्या बालाघाटाच्या माथ्यावर पाझर तलाव पुष्कळ आहेत. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर ते आपल्याच आईबापांनी खणले. पण पाझर तलावाचं काम पाणी साठवायचं नसून खालच्या विहिरींना पाजायचं आहे. शिमग्याच्या आसपास त्याचा तळ दिसू लागतो. ज्या माशाला वाढायला दोन-तीन वर्षं लागतात, तो तिथं राहील कसा? तेव्हा पहिली परीक्षा हीच : सरत्या वैशाखात तळ्यात कमरेएवढं पाणी आहे का? असेल तर ते तळं मनात ठेवा.

आता मासा कोणता ते पाहू. मिशीवाले, बिनखवल्याचे मासे आपल्याकडे मुख्यतः तीन : मागूर, शिंगी आणि शिंगटा. मागूर आणि शिंगी यांना पाण्याबाहेरची हवाही घेता येते. म्हणून गाळाच्या, शेवाळलेल्या, रोहू-कटला गुदमरेल अशा डबक्यातही ते तग धरतात. तळं आटत आलं तर ओल्या चिखलात दबून पावसाची वाट पाहतात. चिखलाला भेगा पडल्या की मात्र संपलं. शिंगट्याचं तसं नाही. त्याला मोठं, खोल पाणी लागतं. भूम तालुक्यातले बाणगंगा, रामगंगा, संगमेश्वर किंवा परंड्याकडचा सीना-कोळेगाव, अशी प्रकल्पाची पाणी त्याच्या जातीची. तिथंही दुष्काळाचा हिशेब धरावा लागतो. २०१५-१६ साली मराठवाड्यातले कितीतरी प्रकल्प जोत्याखाली गेले होते. असा फटका बसलेल्या पाण्यात मोठा मासा पुन्हा तयार व्हायला काही पावसाळे जावे लागतात.

वैशाखात तळ्याकाठी गेलात की नुसतं पाणी पाहून परतू नका, तळ वाचा. जुन्या ओढ्याचं पात्र कुठून वळतं? भिंतीसाठी माती काढलेले खड्डे कुठं आहेत? बाभळीची खोडं, दगडांची रास, बुडीत गेलेली एखादी विहीर कुठं आहे? हे सगळं काठावरच्या एखाद्या झाडाच्या खुणेनं ध्यानात ठेवा. चार महिन्यांनी त्यावर दोन पुरुष पाणी असेल, पण मासा त्या बिळा-कपारीतच दिवस काढील. तो उजेडाचा प्राणी नाही. दिवस मावळल्यावर बाहेर पडतो आणि तळाशी चरतो. त्याच्या मिशांवरच काय, सगळ्या अंगावर चव कळते. म्हणून आमिष वासाचं हवं : गांडूळ किंवा कोंबडीचं आतडं. गळ तळाला टेकवा. ओढ्याचं नवं, गढूळ पाणी तळ्यात शिरतं ती जागा सर्वांत चांगली.

अमेरिकेत चॅनल कॅटफिश नावाचा आपल्या मागुराचा लांबचा भाऊबंद आहे. मिसिसिपी, आर्कान्सा, अलाबामा या राज्यांत कापसाच्या मुलखातले शेतकरी तो तळ्यात पाळतात. १९८७ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २५ जून हा दिवस त्याच्या नावानं जाहीर केला होता. गंमत पुढंच आहे. या माशाला अंडी घालायला अंधारी कपार लागते, म्हणून तिथले शेतकरी तळ्यात दुधाचे जुने कॅन आडवे ठेवत आले. आपल्या भूमच्या खव्याच्या भट्टीवर येतात ना, तसलेच! नर त्या कॅनमध्ये अंड्यांवर राखण बसतो. यावरून खोडं आणि कपारी यांचं मोल ध्यानात यावं. उन्हाळ्यात सरपणासाठी तळ्यातली सगळी खोडं उपटून नेऊ नका.

पहिल्या पावसात मागूर वाहत्या पाण्यावर चढतो आणि ओढ्यात, बांधाच्या सांडीत हातानं सापडतो. तो चढणीचा मासा अंड्यानं भरलेला असतो. त्याला जाऊ द्या. सोयाबीनवर फवारणी झाली की पंप ओढ्यात धुवायची सवयही सोडा. एका पंपाच्या धुवणानं खालचं डबकं पालथं पडलेलं मी पाहिलं आहे.

एका तळ्यापासून मात्र लांबच राहा. देशी मागूर फार तर पावशेर-अर्धा किलोचा. कोणी दोन-चार किलोचा 'मागूर' दाखवला तर तो बहुधा थाई मागूर, म्हणजे मूळचा आफ्रिकेतला मासा. तो इतर मासे, त्यांची पिलं, बेडूक, जे सापडेल ते खातो. २००० साली केंद्र सरकारनं त्याच्या पालनावर बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ती कडकपणे राबवायला सांगितलं. तरी चोरून धंदा चालतोच. उजनीच्या परिसरात अशी तळी सापडून खात्याला मासे नष्ट करावे लागले. शेततळ्यात टाकायला कोणी स्वस्तात बीज देऊ लागला तर आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. शेततळं फुटलं की तो मासा ओढ्यात, ओढ्यातून सीनेत आणि तिथून भीमेत जाणार. परत कोण आणणार?

गळ टाकण्यापूर्वी तळं कोणाचं तेही विचारा. बरीच तळी मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्यानं घेतलेली असतात. बीज त्यांनी सोडलेलं असतं. पोटापुरता एखादा मासा धरायला सहसा कोणी नाही म्हणत नाही, पण विचारून.

शिंगी गळाला लागली तर हात सांभाळा. तिच्या कल्ल्यामागच्या काट्यात विष असतं आणि ठणका रात्रभर झोपू देत नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

त्या मामांनी पुढच्या वैशाखात मला एक दुसरं तळं दाखवलं. आकारानं लहान, गाळानं काळं, बघवणार नाही असं. मधोमध बुडीत विहिरीचा काठ वीतभर वर आलेला होता. भादव्यात तिथंच, चिंचेच्या रेषेत गळ टाकला. अंधार पडता पडता दोरा ताणला गेला. मागूर जेमतेम पावशेराचा होता. मामा म्हणाले, "आता घरी चला साहेब, विहीर उद्याबी हाय."