सोमवारची पाळी

अकोल्याच्या एमआयडीसीतलं एक जिनिंग-प्रेसिंग, ऐन हंगाम. पर्यवेक्षकाच्या डायरीतून.

सकाळी ७.३०
शनिवारी चुकारा झाला की सोमवारची हजेरी हटकून पातळ. मी कुणाच्या तोंडाचा वास घेत नाही. पुडी नाहीतर बडीशेप खाल्ली की तो झाकतो. मी हात बघतो. आज सही करताना फिटरचं पेन थरथरलं.
"भाऊ, रातची व्हय थे. आज एक थेंब नाही घेतला."

८.००
खरं सांगत असेल. पण १०० मिलिलिटर रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनंच उतरते. मध्यरात्री १८० असेल, तर आत्ता ६० उरली. गाडी चालवणाऱ्याला कायद्यानं मर्यादा ३० ची. गार पाण्यानं आंघोळ करा नाहीतर लिंबू पिळा, यकृत आपल्याच चालीनं चालतं. त्याला मशीनवरून काढून गाठींच्या नोंदीला बसवलं.

१०.००
दर्यापूरकडून कापसाच्या गाड्या आल्या, गंजी वाढली. इकडे एक जिन चोंदलं. सुरी आणि रोलर यांच्यातलं अंतर केसभर चुकलं की सरकी फुटते, रुई खराब होते. फिटर जागेवर नाही म्हणून त्याचा हेल्पर चालू मशीनमध्येच हात घालायला निघाला. ओरडून थांबवलं, आधी मशीन बंद करायला लावलं.
जिनवरच्या मावशी म्हणाल्या, "आमी सांभाळून घेतो न त्याले. लेकरंबाळं हायेत."
सांभाळून घेणं म्हणजे हेच: पितो एक, बोटं धोक्यात दुसऱ्याची.

दुपारी १.००
डबे उघडले तेव्हा सगळ्यांना एक गोष्ट सांगितली. कामावर इजा झाली की भरपाई मिळते. पण कायद्याची अट अशी, की नशेमुळे अपघात झाला आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नाही, तर मालकावर भरपाईची जबाबदारी नाही. म्हणजे दोन बोटं गेली तर बोटंही गेली, पैसेही गेले. जेवताना कुणी बोललं नाही.

३.००
फिटरला दरदरून घाम, हाताची थरथर वाढलेली. "आजपासून कायमची बंद, भाऊ. लेकीची शपथ."
शपथ चांगली, पण रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्याच्या भावाला बोलावून दोघांना सर्वोपचार रुग्णालयात धाडलं. व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, १४४४६, चिठ्ठीवर लिहून दिला.

५.३०
मालक म्हणाले, "काढून टाका."
कामावर नशेत असणं गैरवर्तन आहेच, काढता येईल. पण काढलेला फिटर परवा शेजारच्या जिनिंगमध्ये लागेल. तिथंही सुरी आहे, रोलर आहे, शिकाऊ पोरगा आहे. मी तीन अटी मांडल्या: उपचार पूर्ण करायचे, डॉक्टरची चिठ्ठी येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, आणि त्याची हरकत नसेल तर चुकारा बायकोसमोर.
मालकांनी महिनाभराची मुदत दिली. उद्यापासून हेल्परला मशीन बंद करून मगच हात घालायला शिकवायचं आहे.