कंबरेचा घेर आणि शंभर गुण

2003 साली फिनलंडच्या याना लिंडस्ट्रॉम आणि याक्को टुओमिलेहतो यांनी रक्ताचा थेंबही न घेता मधुमेहाची जोखीम सांगणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. 1987 मध्ये तपासलेल्या लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवून, त्यांतल्या कोणाला पुढे मधुमेहाची औषधं लागली, यावरून तिचे गुण ठरले होते. वय, वजन, कंबर, रक्तदाबाची गोळी, हालचाल, पानातली भाजी आणि फळं असे साधे प्रश्न. त्याच देशात 2001 साली 522 जणांवरच्या प्रयोगातून दिसलं होतं, की आहार आणि हालचाल बदलली तर जोखमीच्या माणसांतला मधुमेह 58 टक्क्यांनी कमी होतो. जोखीम आधी कळण्याला अर्थ आला तो या निष्कर्षामुळे.

आपल्याकडे मात्र युरोपातली मापं जशीच्या तशी चालणार नव्हती. कारण पुण्यातच दिसत होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास करत होते. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. तरी आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी आपलाच जोडफोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण चरबी युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. वजनाचा काटा आपल्याला कसा चकवतो, हे मला इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कशातून कळलेलं नाही.

2005 साली चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने भारतीय गुणपत्रिका आणली आणि त्यात वजन ठेवलंच नाही. फक्त चार गोष्टी: वयाला जास्तीत जास्त 30 गुण, कंबरेला 20, हालचालीच्या अभावाला 30, आईवडिलांच्या मधुमेहाला 20. साठ किंवा अधिक म्हणजे मोठी जोखीम. चाळिशीचा, बैठं काम करणारा, व्यायाम नसलेला पुरुष घ्या. आईला मधुमेह, कंबर 94 सेंटिमीटर. त्याचे सत्तर होतात, वजन ‘बरोबर’ असलं तरी.

या शंभरांतले पन्नास गुण वय आणि आईवडिलांचे. त्यांवर कोणाचाच इलाज नाही. उरलेले पन्नास कंबर आणि हालचालीचे. पन्नाशी उलटलेल्या, दोन्ही पालकांना मधुमेह असलेल्या माणसानेही हे दोन रकाने सांभाळले तर तो साठच्या खाली राहतो. ‘आमच्या घराण्यातच आहे, काय करणार’ असं म्हणणाऱ्यांना मी ही बेरीज आवर्जून करून दाखवते.

उणिवाही आहेत. निदान न झालेल्या शंभर मधुमेहींपैकी ही पत्रिका साधारण बहात्तर जणांना हेरते, आणि मधुमेह नसलेल्या शंभरांतल्या सुमारे चाळीस जणांनाही धोक्यात धरते. गरोदरपणात साखर वाढली होती का, हे ती विचारत नाही. जन्माच्या वेळचं वजनही नाही. पुण्याच्या गावांनी शिकवलेला धडा कागदावर उतरलाच नाही, ही मला मोठी उणीव वाटते. जनुकांकडून फार आशा होत्या. 2006 मध्ये टीसीएफ7एल2 सापडलं, पाठोपाठ आणखी बरीच सापडली, पण वय आणि कंबर ठाऊक असताना त्यांनी अंदाजात थोडीच भर घातली.

आज तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे जोखीम मोजणारा सरकारी फॉर्म, आशाताई घरी येऊन भरतात. त्यातही वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल, घरचा इतिहास यांनाच गुण आहेत, आणि चारच्या वर गेलेल्यांना तपासणीला आधी पाठवायचं असतं. खरी परीक्षा इथे आहे. फॉर्म भरला आणि साखर तपासलीच गेली नाही, तर ती बेरीज वाया गेली. 2023 साली आयसीएमआरच्या पाहणीने देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं असल्याचा अंदाज दिला. उंबरठ्यावरच्या माणसाला त्रास काहीच होत नाही, म्हणून तो दवाखान्यात येतही नाही.

म्हणून एवढं कराच. शिवणाची टेप घेऊन घरातल्या सगळ्यांची कंबर मोजा. बायकांची 80, पुरुषांची 90 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरली तर चारही रकान्यांची बेरीज करा. ती साठ किंवा त्याहून जास्त भरली, तर उपाशीपोटीची साखर याच आठवड्यात तपासून घ्या.