पेढीचा पत्ता : पिन क्रमांकापासून संकेतस्थळापर्यंत

नेपानगरचा पिन क्रमांक ४५०२२१. आमच्या कागदाच्या व्यापाऱ्यांच्या बिलांवर तो वर्षानुवर्षे छापला जात आहे. ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात नाटके लिहिणारे मराठी गृहस्थ होते, हे येथे कौतुकाने नमूद करावेसे वाटते. पुढे येथील कागद गिरणीने १९८९ साली जुने नाव टाकून ‘नेपा लिमिटेड’ हे नाव धारण केले. २००३ साली बुऱ्हाणपूर हा खंडव्यापासून स्वतंत्र जिल्हा झाला. पिन मात्र आहे तोच राहिला, कारण त्यात जिल्ह्याचे वा गिरणीचे नाव गुंफलेलेच नव्हते.

आता पुष्कळ पेढ्या आपला भाव व मालाची यादी संकेतस्थळावर ठेवतात आणि ग्राहकाचा संगणक ती परस्पर वाचून घेतो. अशा सेवांची ‘रेस्ट’ नावाची शिस्त रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात मांडली. तिच्यानुसार प्रत्येक वस्तूस स्वतःचा पत्ता असावा. वाचावयाचे की नवी नोंद करावयाची, हे मागणीच्या प्रकाराने, म्हणजे ‘गेट’ किंवा ‘पोस्ट’ या शब्दाने, सांगावे. ‘पुसून टाका’ यासारखी आज्ञा साध्या दुव्यात लिहिणे धोक्याचे असते. २००५ साली गूगलच्या एका वेगवर्धकाने पाने आगाऊ वाचून ठेवण्यासाठी असे दुवे आपण होऊन उघडले व काही लोकांच्या नोंदी नाहीशा झाल्या.

व्यापाऱ्याने खरे लक्ष घालावे ते ‘कॅश’कडे. एकदा वाचलेल्या पानाची प्रत ग्राहकाच्या अगर वाटेवरच्या संगणकात राहते व पुढील मागणी तिच्यावरच भागते. ही प्रत पत्त्यावरून ओळखली जाते. म्हणून ‘वजन’ आधी आणि ‘रंग’ नंतर, अथवा उलट, असे दोन्ही प्रकारे लिहिल्यास एकाच कागदाचे दोन पत्ते होतात व प्रती दुप्पट साठतात. प्रत्येक ग्राहकाचा निराळा क्रमांक पत्त्यात घातला, तर साठवणीचा लाभ जवळजवळ संपतोच.

समजा, एका पेढीने ‘/भाव/वृत्तपत्री-कागद/आज’ आणि ‘/भाव/वृत्तपत्री-कागद/२०२४-११-०१’ असे दोन पत्ते ठेवले. (प्रत्यक्षात रोमन अक्षरे बरी; देवनागरीचे एकेक चिन्ह यंत्र नऊ चिन्हांत लिहिते.) गेल्या तारखेचा भाव आता बदलावयाचा नाही, त्याची प्रत वर्षभर ठेवण्यास खुशाल मुभा द्यावी. ‘आज’ची प्रत मात्र पाच मिनिटांतच शिळी ठरवावी. ही मुदत उत्तरासोबतच्या ‘कॅश-कंट्रोल’ या सूचनेत सेकंदांत लिहितात. तेथे चुकून वर्षाची मुदत पडली, तर ग्राहक महिन्यापूर्वीचा भाव दाखवून माल मागेल, आणि त्याच्या संगणकातील प्रत परत बोलावण्याचा उपाय पेढीच्या हाती उरणार नाही. शब्द मोडावा की तोटा सोसावा, एवढेच शिल्लक राहते.

आमच्या मते पत्त्यात भागीदाराचे नाव, विभागाचे नाव वा संगणक-प्रणालीचे नाव घालूच नये. ही तिन्ही बदलतात. तरीही पत्ता हलवणे भागच पडले, तर जुन्या पत्त्यावर ‘३०१’ या कायम स्थलांतराच्या खुणेसह नवा पत्ता ठेवावा, आणि ती खूण निदान छापील बिले व यादीपत्रके लोकांच्या कपाटांत असेपर्यंत काढू नये.