रडणारे बाळ आणि गप्प झालेले बाळ

नरडाण्याजवळच्या एका भिल्ल वस्तीत बाळंतिणीला भेटायला मी आशाताईंबरोबर गेले होते. बाळ सात दिवसांचे. आधीचे दोन दिवस ते इतके रडले होते की घरात कोणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आजी समाधानाने म्हणाली, "ताई, आते रडत नई, गुपचूप पडेल शे." मलाही बरे वाटले. आशाताईंनी मात्र बाळाच्या पोटाला हात लावला, मग तळपायाला. दोन्ही गार. सकाळपासून बाळ अंगावर प्यायलेच नव्हते, हे आईने विचारल्यावर सांगितले. १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी पांघरली. धुळ्याला बारा दिवस ठेवावे लागले. बाळ वाचले.

रडणाऱ्या बाळाला आपण सगळेच घाबरतो आणि गप्प बाळाला शहाणे म्हणतो. मीही तेच केले होते.

रडणे साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप कमी होते. पोट भरलेले, कोरडे, निरोगी बाळही संध्याकाळी तास-दोन तास रडू शकते. याचा दृष्टीशी संबंध नाही, आणि त्यावरून आईला दूध कमी आहे असेही ठरत नाही. पण झोपडीत ते दोन तास फार लांब असतात. मग गुटी, मध, धुरी सुरू होते. मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया बाळाला अफूची बाळागोळी देत. त्यांना नावे ठेवण्याआधी एवढे आठवावे, की त्यांना पाळीवर हजर व्हायचे होते. आमच्या ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या आयांचीही तीच ओढाताण आहे.

आम्ही वस्तीत दाखवतो ते साधे आहे. आधी छातीशी घ्या. लंगोट ओला आहे का पाहा. कमरेचा किंवा मनगटाचा काळा दोरा रुतला आहे का, पायाच्या बोटाला केस गुंडाळला आहे का, तेही पाहा. हे सहसा कोणी बघत नाही. मग बाळाला लंगोट-टोपीवर, उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर उभे धरून वरून लुगडे गुंडाळायचे. आईची ऊब, वास आणि काळजाचे ठोके बाळाला ओळखीचे असतात. आई थकली तर बापाने धरावे. सुरुवातीला पुरुष लाजतात, नंतर सोडत नाहीत! जोरात हलवायचे मात्र कधीच नाही, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको. मध तर वर्षभर नको, त्यातून क्वचित जीवघेणी विषबाधा होते.

गप्प बाळाकडे पाहायला आम्ही गडचिरोलीकडून शिकलो. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळे तपासायला शिकवले. आधी नीट रडणाऱ्या बाळाचा आवाज क्षीण झाला किंवा बंद झाला, चोखणे मंदावले, बाळ सुस्त पडले, अंग गार लागले किंवा तापले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, की जंतुसंसर्गाची शंका घ्यायची आणि उपचार सुरू करायचे. तीन वर्षांत नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही.

परवा पुन्हा त्या वस्तीत गेले होते. बाळ आता दोन महिन्यांचे आहे. त्याचे रडणे रस्त्यापासूनच ऐकू येत होते आणि आजी पार वैतागली होती. मी ओसरीवर बसले, बाळाला घेतले आणि आधी तळपाय चाचपले. गरम होते.