भंडाऱ्याचा उन्हाळा: तलावाची पाळ आणि पवनीचा घाट

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हटले जाते. परंतु हे तलाव कसे रचले गेले, हे भर पावसाळ्यात नव्हे तर एप्रिल-मे महिन्यांत, पाणी ओसरून तळ उघडा पडू लागल्यावर कळते. पारा 45 अंशांकडे सरकत असताना पती-पत्नीने एक दिवस सहलीस निघावे, ही कल्पना झाडीपट्टीतील, म्हणजे विदर्भाच्या या जंगलव्याप्त पूर्व भागातील वडीलधाऱ्यांना रुचेलच असे नाही, आणि ऐन लग्नसराईत दोघांनाच मोकळा दिवस मिळणेही अवघड असते. तरीही या प्रदेशाची ओळख करून घ्यायची असेल, तर उन्हाळा हाच योग्य ऋतू ठरतो. अट एवढीच की दिवसाची आखणी स्थळांच्या यादीवरून न करता उन्हाच्या कलाने करावी.

त्यामुळे पहाट जंगलासाठी राखून ठेवणे श्रेयस्कर. भंडारा शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर असलेले कोका अभयारण्य 2013 मध्ये घोषित झाले आणि पुढे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. उन्हाळ्यात सागाची पाने गळून गेल्याने झाडीतून दूरवर दिसते, आणि जंगलातील पाणी मोजक्या पाणवठ्यांपुरते उरल्याने चितळ, गवा, अस्वल, रानकुत्रा यांना तेथे यावेच लागते. वाघ दिसणे मात्र नशिबाचा भाग आहे आणि केवळ त्याच्यासाठी गाडी पळवत राहणाऱ्यांना बाकीचे जंगल दिसत नाही. मोहाचा बहर मार्च-एप्रिलमध्ये असतो, तर मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम सुरू होऊन पहाटेच जंगलात गेलेली कुटुंबे पानांची पुडकी बांधताना दिसतात. अभयारण्यात वाहनातून उतरून हवे तसे पायी फिरता येत नाही, हे निसर्गवाटांची आवड असलेल्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

पायी चालण्याची हौस भागवण्यासाठी या जिल्ह्यात वेगळी सोय आहे, आणि ती म्हणजे गावतलावाची पाळ. पाळ म्हणजे उताराच्या तोंडाशी आडवा घातलेला मातीचा लांबट बांध, ज्याच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला त्या पाण्यावर पिकणारी धानाची बांधी असते. गोंड राजवटीच्या काळात येथे स्थिरावलेल्या कोहळी समाजाने अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या केली. पूर्वीच्या अखंड भंडारा जिल्ह्यातील आणि आता गोंदियात गेलेला नवेगावबांध हा त्याच परंपरेतील भव्य तलाव होय. ब्रिटिश अमदानीत गावाचा सारा भरणाऱ्या आणि गावावर मालकी हक्क असलेल्या जमीनदारास मालगुजार म्हणत, म्हणून हे तलाव मालगुजारी तलाव ठरले. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात हा भाग मध्य प्रदेशात होता. तेथील 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले, तेव्हा त्यांना 'माजी मालगुजारी', म्हणजे संक्षेपाने 'मामा' तलाव असे नाव पडले. मालकी बदलली, पण गाळ काढण्याची आणि पाळ दुरुस्त करण्याची गावाची जुनी शिस्त तितक्या सहजपणे नव्या व्यवस्थेत उतरली नाही, आणि उथळ झालेल्या अनेक तळ्यांकडे मे महिन्यात पाहिले की हे सांगण्यासाठी वेगळ्या अहवालाची गरज भासत नाही. लहान तळ्याला येथे बोडी म्हणतात. सकाळी नऊच्या आत अशा एखाद्या पाळीवरून चालले, तर जाळी टाकणारे ढीवर, चिखलात उभे असलेले बगळे आणि उन्हाळी धानाच्या हिरव्या बांध्या हे सारे एकाच दृष्टिक्षेपात येते.

दुपार सावलीतच काढावी लागते. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा विणणाऱ्यांचे गाव त्यासाठी सोयीचे आहे. कोसा म्हणजे ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या रेशीमकिड्याच्या कोषापासून निघणारे टसर रेशीम. हे किडे जंगलात पाळण्याचे काम परंपरेने ढीवर कुटुंबे करीत आली आहेत, म्हणजे तळ्यातील मासा आणि झाडावरचा कोष यांचा सांभाळ एकाच समाजाकडे राहिला आहे. करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेली करवतकाठी साडी ही या भागाची खूण मानली जाते. मात्र आंधळगाव उत्तरेस आणि वैनगंगेकाठची ऐतिहासिक पवनी दक्षिणेस असल्याने दोन्ही साधण्याच्या नादात भर उन्हात तासन्‌तास गाडीत बसावे लागते. ज्यांना इतिहासाची ओढ आहे त्यांनी साडीखरेदी निःसंकोच पुढे ढकलावी.

भंडाऱ्याहून सुमारे 50 किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी वसलेली पवनी आज तालुक्याचे लहानसे गाव वाटते, पण जुना मातीचा तट, त्याभोवतीचा खंदक आणि नदी यांनी वेढलेली तिची रचना प्राचीन नगराची आहे. येथील जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले. शां. भा. देव आणि जे. पी. जोशी यांच्या नेतृत्वाखालील या कामात स्तूप, म्हणजे बौद्ध परंपरेतील पवित्र अवशेषांवर उभारलेली घुमटाकार वास्तू, आणि तिच्या दगडी कठड्याचे शिल्पांकित खांब उजेडात आले; त्यांवरील ब्राह्मी लिपीतील लेखांत दान देणाऱ्यांची नावे आढळतात. जागेवर आज पाहण्यासारखे थोडेच उरले आहे, म्हणून सांची डोळ्यांसमोर ठेवून येणाऱ्यांची निराशा होणे संभवते, आणि त्यासाठी येथे येण्यापूर्वी या उत्खननाविषयी थोडेफार वाचणे उपयोगी पडते.

ऊन कलल्यावर वैजेश्वर घाटाच्या पायऱ्या बसण्याजोग्या होतात. खाली दिसणारे पाणी आता नदीच्या वरच्या अंगास असलेल्या गोसीखुर्द धरणातून येते. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाने विस्तीर्ण प्रदेशाला सिंचनाची आशा दिली आणि त्याच वेळी अनेक गावांना आपली जागा सोडण्यास भाग पाडले. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच धरणाच्या जलाशयात उतरते; त्यामुळे घाटावर बसणे ठीक, आचमनाचा मोह टाळलेला बरा. अभयारण्ये पावसाळ्यात बंद होत असल्याने हा बेत जून उजाडण्यापूर्वीच आखावा, आणि ज्यांना रात्रीचा मुक्काम शक्य आहे त्यांनी बुद्धपौर्णिमा साधावी, कारण त्या रात्री राज्यातील अनेक जंगलांत वनविभाग मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राणी मोजण्याचा उपक्रम राबवतो आणि नावनोंदणी केलेल्या सामान्य नागरिकांनाही त्यात सहभागी करून घेतो.