मुलांची पोटदुखी आणि रक्ताचा रिपोर्ट

मूल पोट धरून रडू लागले की आपल्याकडे घरातील मोठी माणसे पहिल्यांदा म्हणतात, 'बेंबी सरकली.' दुखणे बेंबीभोवतीच असल्याने ते खरेही वाटते. परंतु अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ सुजले तरी दुखण्याची सुरुवात पुष्कळदा बेंबीपाशीच होते. काही तासांनी ते खाली उजवीकडे जाते, जेवण नकोसे होते, एक-दोन उलट्या होतात, अंग तापते. अशा मुलाचे पोट चोळू नये. एरंडेल तर मुळीच पाजू नये.

'डॉक्टर, रक्त तपासले म्हणजे नक्की कळेल ना?' असे पालक हमखास विचारतात. याचे उत्तर सरळ 'होय' असे देता येत नाही.

रक्तात मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. पहिली पांढऱ्या पेशी. शरीरात जंतूंशी झुंज सुरू झाली की त्या, विशेषतः न्यूट्रोफिल जातीच्या, वाढतात. दुसरी सी.आर.पी. हे यकृतात तयार होणारे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळले. ते सावकाश चढते. सूज सुरू होऊन साधारण १२ तास उलटेपर्यंत त्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही.

समजा, पालमच्या एखाद्या मुलाचे पोट पहाटे दुखू लागले आणि सकाळी ९ वाजता रक्त घेतले, तर दोन्ही आकडे नॉर्मल येऊ शकतात. तो कागद पाहून निर्धास्तपणे मूल घरी नेले जाते आणि घोटाळा होतो. उलट न्यूमोनिया किंवा लघवीतील जंतुसंसर्ग असला तरी हेच आकडे वाढतात. (छातीच्या न्यूमोनियातही मुले 'पोट दुखते' म्हणतात!)

मुलांसाठी २००२ साली एक गुणपद्धती प्रसिद्ध झाली. तिच्या १० गुणांपैकी रक्ताला फक्त २ आहेत. पोट उजवीकडे खाली दाबल्यावर दुखते का, याला २ आणि खोकताना किंवा उडी मारताना तेथे कळ येते का, यालाही २. तेव्हा डॉक्टरांनी मुलाला एका पायावर उडी मारायला सांगितली तर ती चेष्टा समजू नये.

संशय राहिला तर मुलाला देखरेखीखाली ठेवून काही तासांनी पोट पुन्हा तपासतात, रक्तही पुन्हा घेतात, सोनोग्राफी करतात. आकडा चढत आहे की उतरत आहे, यालाच खरे महत्त्व. पाच वर्षांखालील मुलांना दुखणे नीट सांगता येत नाही. त्यांच्यात निदान होईपर्यंत आंत्रपुच्छ फुटलेले असण्याचे प्रमाण मोठे आहे. कळ एकाएकी थांबली आणि नंतर ताप वाढून पोट कडक झाले, तर त्याच रात्री शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. वाटेत दूध, चहा, बिस्कीट काही देऊ नये. भूल द्यावी लागू शकते.

तालुक्याहून परभणीला निघताना पहिला रिपोर्ट सोबत घ्यावा. दुखणे केव्हा सुरू झाले आणि रक्त किती वाजता काढले, हे त्यावर लिहून ठेवावे.